इंगवल्यांच्या गाडीचं पॅकिंग

सर्जेराव इंगवले आपल्या पोरीशी तीन दिवस बोलला नाही, आणि ती कसर त्यानं माझ्याशी दुप्पट बोलून भरून काढली. माझं बेअरिंग-ऑइलसीलचं दुकान त्याच्या गॅरेजसमोर, मधे फक्त बारा फुटांचा रस्ता. सर्जेरावच्या मनात काय चाललंय ते त्याच्या आधी मला कळतं, असं कोल्हापूरच्या उद्यमनगरात म्हणतात. थोडं कमीच म्हणतात.

भांडण इंजिनावरून होतं. डिझेलच्या गाड्यांचा परवाना त्या वर्षाअखेर संपणार होता. मग जुनी गाडी एकतर भंगारात घालायची, नाहीतर इंजिन उतरवून मोटर बसवायची. ईश्वरीची जीप चाळीस वर्षांची, चारही चाकांनी ओढणारी. ईश्वरी म्हणजे सर्जेरावची एकुलती एक, जनावरांची डॉक्टर. गगनबावड्याच्या पठारावरच्या चौदा धनगरवाड्यांचा फिरता दवाखाना तिला मिळायचा होता. अट एकच: स्वतःची गाडी हवी, आणि ती ठरल्या तारखेला कावळटेकाची चढण चढून दाखवायला हवी. गाडी चढली नाही तर डॉक्टर नको. मग वाड्यावाड्यावर खांबाला कॅमेरे लावायचे आणि शहरात बसलेल्या कुणीतरी पडद्यावर म्हशीची जीभ बघायची, असं सरकारचं ठरलेलं. ईश्वरी म्हणायची, "म्हशीच्या पोटात हात घालायला कॅमेऱ्याला हात कुठं हाय?"

मोटर बसवायला कायद्यानं दोन रस्ते ठेवले होते. 'सीलबंद' म्हणजे कंपनीचं किट, कंपनीचा फिटर, बोल्टांवर कंपनीचं सील, आणि काही झालं तर उत्तर कंपनी देणार. 'स्वहस्त' म्हणजे ज्याला जमेल त्यानं जमेल ती मोटर बसवावी, पण गाडीच्या कागदावर 'जबाबदार इसम' म्हणून एका माणसाचं नाव लागणार. काही झालं तर त्या माणसाला धरणार.

सर्जेरावनं न विचारता मोडीतल्या सिटीबसची मोटर आणून बाकावर ठेवली होती. नवी मोटर आणि जुना गिअरबॉक्स यांच्यामधे जी लोखंडी प्लेट लागते, तीही लेथवर स्वतः उतरवलेली. दोन्ही दांडे एका रेषेत आले नाहीत तर बेअरिंग महिन्यात रडतं. सर्जेरावच्या प्लेटीत केसाचासुद्धा फरक नव्हता. मी खोट काढायला गेलो होतो, हात हलवत परत आलो.

त्याच दिवशी ईश्वरीनं 'धरित्री' कंपनीच्या किटची पेटी गॅरेजच्या दारात उतरवून घेतली.

"ह्ये काय?" सर्जेराव म्हणाला.

"किट."

"आन् ह्ये काय हाय मग?" त्यानं बाकाकडं बोट केलं.

"पप्पा, मोटर चांगलीय. प्लेट तर लईच चांगलीय. वायरी कुठल्या रंगाच्या घालणार?"

सर्जेराव बाकावरची मोटर फडक्यानं पुसायला लागला. त्यामागचं कारण मला माहीत होतं. मागल्या वर्षी तो डेंगीनं तीन आठवडे पडला, तेव्हा गॅरेजात सात गाड्या उघड्या होत्या आणि सातांतल्या सगळ्या वायरी लाल. लाल वायरीचं एक भलंमोठं बंडल त्याला कुठंतरी मिळालं होतं, ते संपेपर्यंत दुसरा रंग घ्यायचा नाही असा त्याचा नेम. कुठली वायर कशाची ते फक्त त्याच्या डोक्यात, आणि डोक्यात एकशेचार ताप. "तिसरी लाल का पाचवी लाल" असं विचारायला मी स्वतः दवाखान्यात खेपा घातल्यात.

"माझ्या डोक्यात हाय सगळं," तो अखेर म्हणाला.

"डोकं गाडीबरोबर येणार न्हाई. वरच्या वाड्यावर गाडी बंद पडल्यावर मी कुणाला विचारू? म्हशीला?"

"अण्णा, तुम्ही सांगा," दोघं एकदम माझ्याकडं वळली.

माझ्या डोक्यात दोन रकाने तयारच होते. घरच्या कामाचा फायदा असा की बिघाड कुठं आहे ते बसवणाऱ्याला माहीत असतं. तोटा असा की पुष्कळदा बसवणारा हाच बिघाड असतो. किटचा फायदा असा की चुकलं तर कंपनी आहे; तोटा असा की कंपनी चाकणला आहे. घरचं काम पाहिजे तसं वाकवता येतं, म्हणून वाकडं होतं. किट वाकत नाही, म्हणून कधी कधी मोडतं. बेरीज केली तर दोन्हीकडं सारखीच आली. मी म्हणालो, "चहा मागवा."

तिथून ते तीन दिवस सुरू झाले.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा फिटर आला. म्हणजे आल्या; चाळिशीच्या बाई, कमरेला पान्यांचा पट्टा. सर्जेरावनं 'चहा सांगून येतो' म्हणून जे तोंड काळं केलं ते सगळं काम होईपर्यंत. कोपऱ्यावरच्या टपरीत बसून तो आपल्याच गॅरेजकडं पाठ करून दोन तास चहा पीत होता. तेवढ्यात बाईंनी ईश्वरीला आणि मला किटचं मर्म सांगितलं.

"कलिंगड घेताना काय करता?" त्यांनी मला विचारलं.

"वाजवून बघतो."

"ही गाडी जमीन वाजवून बघते. चाक जमिनीवर आपटतं, त्याची थरथर लोखंडातून वर चढते. मोटरच्या अंगावर हे चार कान बसवलेत." त्यांनी सुपारीएवढे चार तुकडे दाखवले. "कातळावरची थरथर बारीक आणि टणक असते, चिखलावरची बोजड. सेकंदाला हजार वेळा हे कान ऐकतात आणि पुढच्या पावलाला प्रत्येक चाकाला किती जोर द्यायचा ते ठरवतात. चाक घसरल्यावर सावरणाऱ्या गाड्या पूर्वीपासून आहेत. ही घसरायच्या आधी ऐकते."

"म्हणून मोटर इतकी घट्ट?" ईश्वरी वाकून बघत होती.

"लोखंडावर लोखंड. मधे मऊ काही नाही. थोडी थरथर तुम्हाला सीटवर जाणवेल, ती राहू द्यायची. आणि एक. जुन्या गाड्या माणसांसारख्या असतात, प्रत्येकीचा सांगाडा वेगळा वाजतो. म्हणून पहिले पंधरा दिवस किट गाडीशी ओळख करून घेतं. काय ऐकू आलं आणि नंतर चाक घसरलं की नाही, याचा मेळ घालत स्वतःला सुधारतं. पंधरा दिवसांनी ते मत पक्कं होतं. तोवर गाडीच्या खाली कुणी हात घालायचा नाही."

बाई गेल्या, मग सर्जेराव आला. चाकं जॅकवर उचलली, किल्ली फिरवून मोटर हळू चालती ठेवली. आणि खिशातून नाणं काढलं.

उद्यमनगरातली ही जुनी रीत. नाण्यांचा व्यवहार केव्हाच उठला, पण प्रत्येक मिस्त्रीकडं एक जाडजूड पाचाचं नाणं जपून ठेवलेलं असतं. चालू गाडीच्या बॉनेटवर ते कडेवर उभं राहिलं पाहिजे. पडलं तर गाडी दाराबाहेर जात नाही. इंजिनाच्या काळातसुद्धा सर्जेरावचं नाणं उभं राहायचं, म्हणून तर गडहिंग्लजपासून लोक त्याच्याकडं यायचे.

नाणं पडलं. त्यानं पुन्हा उभं केलं. पुन्हा पडलं.

"ह्यो थरथराट घेऊन माझी पोरगी डोंगरात फिरणार?" तो म्हणाला. "दोन महिन्यांत मणक्याचा भुगा हुईल."

"कंपनीचं तसंच असतंय म्हणाल्या," मी म्हणालो. का असतं ते मी सांगितलं नाही. त्यानं विचारलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्याचं पडलेलं तोंड बघायला मला थोडी मजा येत होती.

रविवारी दुपारी ईश्वरी जेवायला गेलेली असताना तो दुकानात आला. "अण्णा, कारखान्याच्या पट्ट्याचं रबर हाय का? दोन सुताचं, पाव इंच जाड."

"कशाला?"

"पायताणाला."

मी त्याच्या पायांकडं बघितलं. पायताण कोरं करकरीत होतं, अजून वाजत होतं. मी रबर कापून दिलं. त्यानं चार चौकोनी तुकडे मागितले. इतक्या पायांचा माणूस मी उद्यमनगरात पाहिलेला नव्हता, तरी दिले. कंपनीचं सील मोटरच्या बोल्टांवर होतं. सर्जेरावनं त्याला हातही लावला नाही. मोटर ज्या आडव्या पट्टीवर बसली होती, ती पट्टीच चॅसीपासून सोडवून त्यानं खाली त्या रबराची चार पॅकिंगं घातली. भिंत फोडून घरात शिरायचं आणि दाराचं कुलूप शाबूत म्हणायचं, असला प्रकार. संध्याकाळी नाणं उभं राहिलं. ईश्वरी म्हणाली, "अरे वा, बसली वाटतं गाडी!" सर्जेराव त्या दिवसापासून पोरीशी बोलायला लागला.

पुढचे पंधरा दिवस ती गाडी घेऊन गावोगाव फिरली. दिवाळी होऊन गेलेली, रस्ते कोरडे, माळ खणखणीत. परत आली की सांगायची, "पप्पा, पहिल्या दिवशी पडद्यावर सगळीकडं चिखल-चिखल म्हणत होती. आता बरोबर सांगायला लागली. शिकतीय."

"शिकंल की," सर्जेराव म्हणायचा आणि दुसरीकडं बघायचा.

मला तेव्हाच समजायला हवं होतं. समजलं नाही असं म्हणणं मला परवडणारं नाही, म्हणून इतकंच म्हणतो की मी पुढचं पान उलटलं नाही.

परीक्षेच्या दिवशी तिनं आम्हा दोघांनाही गाडीत घेतलं. बाप पुढं, मी मागं लसीच्या पेटीशेजारी. कावळटेकाची चढण दीड किलोमीटर, डावीकडं डोंगराची भिंत, उजवीकडं कारवीचं रान तीनशे फूट खाली. माथ्यावर तपासनीस केसरकर मॅडम छत्री लावून बसलेल्या. खालून ती छत्री निळ्या टिकलीएवढी दिसत होती. बाराच्या आत वर पोचायचं. साडेअकरा झाले होते.

पहिला किलोमीटर जांभ्या दगडाचा होता. गाडी अशी चढली की सर्जेरावनं दोनदा मागं वळून माझ्याकडं बघितलं. समोरच्या पडद्यावर हिरवी पट्टी: पक्की जमीन.

मग वळण आलं. तिथं डोंगरातून पाणी पाझरतं. वरून गवत, खाली लोण्यासारखी तांबडी माती. इकडं तिला उपळट म्हणतात. तिथं पाय देऊ नये हे पोरंसुद्धा जाणतात. पडद्यावर पट्टी हिरवीच.

"ईश्वरी, थांब," सर्जेराव म्हणाला. "उपळट हाय."

"पक्की दाखवतंय."

"दाखवू दे. मी सांगतोय न्हवं."

"पप्पा, महिनाभर तुम्ही सांगताय. आज माझी परीक्षा हाय. आज तुमचं हातकामाचं पुराण नको."

त्याचं तोंड उघडंच राहिलं. त्याला कळत नव्हतं मशीन असं का म्हणतंय. मला कळलं. त्या क्षणी सगळा हिशेब माझ्यापुढं उभा राहिला. रबरानं थरथर गिळली. किटला कातळसुद्धा चिखलासारखा बोजड ऐकू येत होता. पंधरा दिवस ते बोजड ऐकत राहिलं आणि चाक एकदाही घसरलं नाही. म्हणून त्यानं आपलं मत सुधारलं: या गाडीत बोजड वाजतं ती जमीन पक्की. आणि मग मत पक्कं करून टाकलं. आता खरा चिखल आला होता, बोजड वाजत होता, आणि गाडी आनंदानं जोर देत होती.

सर्जेरावला रबर माहीत होतं. मला कान माहीत होते. मी बोललो तर परीक्षा गेली, सर्जेराव गेला, आणि 'पायताणाला' या शब्दावर विश्वास ठेवणारा दुकानदार म्हणून मी जन्मभर गेलो. इतकं सगळं मांडायला मला किती वेळ लागला असेल? चाकं तीन हात पुढं गेली तेवढा.

"गाडी बहिरी हाय!" मी ओरडलो. "ईश्वरी, थांबव! हिचे कान बंद झालेत!"

"काय?"

"मी खाली रबर घातलंय," सर्जेराव म्हणाला. इतक्या हळू आवाजात त्याला बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

तिनं ब्रेक दाबला. मागचं टोक उजवीकडं वीतभर सरकलं. आणि पक्क्या जमिनीवर उभ्या असलेल्या गाडीनं, म्हणजे तिच्या मते पक्क्या, स्वतःला सावरायला आणखी जोर लावला. चाकं खणायला लागली. आणखी एक वीत. खिडकीतून मला जमीन दिसेना, नुसते कारवीचे शेंडे. ईश्वरीनं मधली तांबडी मूठ ओढून वीज तोडली. सगळं थांबलं. लसीच्या पेटीतला बर्फ तेवढा वाजत होता.

आम्ही डाव्या दारानं एकेक करून उतरलो. मी पळत जाऊन चाकांमागं दगड लावले. माझ्या वयाच्या माणसानं पळणं म्हणजे काय ते समजून घ्या. ईश्वरी वाकून गाडीखाली बघत होती.

"चारही बाजूंना?"

"चारही."

"कधीपासून?"

"त्या रविवारपासनं. तुला हादरे बसू नयेत म्हणून गं."

"अण्णा, तुम्हाला माहीत होतं?"

"निम्मं."

"निम्मं पप्पांना, निम्मं तुम्हाला," ती म्हणाली. "आणि गाडीत बसवलं मला पुरतं."

मी घड्याळ बघितलं. बारा वाजायला अठरा मिनिटं होती. रबर काढलं तरी भागणार नव्हतं. किटचं पक्कं झालेलं मत पुसायला कंपनी लागणार, मग पुन्हा पंधरा दिवस ओळख. तोवर पठारावर खांब उभे राहिले असते. दुसरी वाट होती: सील तोडायचं, कानांची जोडणी काढून टाकायची आणि गाडी पायानं चालवायची, जुन्या गाड्यांसारखी. किट ते करू देतं, फक्त त्या क्षणी कचेरीला संदेश जातो की ही गाडी आता सीलबंद राहिली नाही.

ईश्वरीनं बॉनेट उघडलं आणि आवळायचा पाना घेतला.

"सील तोडू नकोस," सर्जेराव कळवळून म्हणाला. "गॅरंटी जाईल!"

हे वाक्य सर्जेराव इंगवल्याच्या तोंडून ऐकल्यावर मला एरवी आठवडाभर जेवण गेलं नसतं हसून. त्या दिवशी हसू आलं नाही.

तिनं सील तोडलं. किटचा नकाशा तिला पाठ होता. निळी-पांढरी वायर काढून तिनं टोकाला चिकटपट्टी गुंडाळली. पडदा काळा झाला.

सर्जेरावनं पायताण काढलं, पँट गुडघ्यापर्यंत वळवली आणि गाडीपुढं चिखलात उतरला. टाच दाबून, अंगठा रोवून तो जमीन बघत एकेक पाऊल पुढं जाऊ लागला. "डावीकडं घे... आता दे थोडा... सोड... पुन्हा दे." ईश्वरी पायाखाली जोर तोलत होती. तिचा पाय इतका हलका आहे हे मला माहीत नव्हतं. बापाला तर नव्हतंच, कारण त्यानं तिला गॅरेजातल्या गाडीवर कधी हात ठेवू दिला नव्हता. गाडी इंचाइंचानं कडेपासून आत आली.

वळणाच्या टोकाला तो म्हणाला, "आता सरळ. भिंतीकडं जाऊ नको, गवत फसवंल."

ईश्वरीनं भिंतीकडं चाक वळवलं.

"अगं सरळ!"

"म्हशी इकडनं गेल्यात, पप्पा. शेण बघा. पोटुशी म्हैस मऊ जमिनीवर पाय टाकत न्हाई."

तो बघतच राहिला. गवताखाली खुरांनी तुडवून घट्ट झालेली हातभर रुंदीची वाट होती. डावी चाकं त्या वाटेवर चढली, उजव्या चाकांनी पकडलं, आणि गाडी वर निघाली. आम्ही दोघं मागून धापा टाकत.

माथ्यावर पोचलो तेव्हा बाराला चार मिनिटं होती. केसरकर मॅडमच्या हातातल्या पडद्याच्या पाटीवर आमचा संदेश आमच्या आधी पोचला होता.

"सील तोडलंत," त्या म्हणाल्या.

"हो," ईश्वरी म्हणाली, आणि जे झालं ते तिनं सरळ सांगून टाकलं. रबर, कान, घसरण, सगळं. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही.

"म्हणजे गाडी आता स्वहस्त. चढली आहे, ते मी बघितलं. पण जबाबदार इसमाचं नाव लागेल, नाहीतर आज कागद होत नाही."

"माझं लिवा," सर्जेराव पुढं झाला. पायाला गुडघ्यापर्यंत तांबडी माती. "सर्जेराव दत्ताजी इंगवले. काम माझं हाय."

"अपघात झाला तर तुम्हाला धरतील."

"धरू दे. चूक माझीच हाय."

मला वाटलं, इथं मिटलं. बाप कबूल झाला, नाव द्यायला तयार झाला. माझ्या दोन्ही रकान्यांत हा शेवट बसत होता.

"त्यांचं नको," ईश्वरी म्हणाली.

सर्जेराव हसला, तिला त्याची काळजी वाटतेय असं समजून. "असू दे गं, मला काय हुतंय..."

"तुम्हाला काय होईल म्हणून न्हाई. तुम्ही न सांगता केलंत. पुन्हा कराल, माझ्या भल्यासाठीच कराल. तुमचं नाव कागदावर असलं तर मी गाडीत बसणार न्हाई." तिनं पाटी ओढून घेतली. "माझं लिहितेय."

"तुम्हाला मोटर बसवता येते?" मॅडमनी विचारलं.

"सोमवारपर्यंत येईल. सगळी उतरवून पुन्हा बसवणार."

मॅडमनी शिक्का दिला. तो उमटतो न उमटतो तोच ईश्वरीचा फोन वाजला. चौथ्या वाड्यावर म्हैस अडली होती, रेडकू आडवं आलेलं. पेटी, दोर, हातमोजे पुढच्या सीटवर टाकून ती बसली. सर्जेराव सवयीनं दुसऱ्या दाराकडं गेला.

"वजन नको," ती म्हणाली. "तुम्ही दोघं चालत खाली उतरा. एसटी तीनला हाय."

गाडी पठारावर निघून गेली. सर्जेराव मान तिरकी करून ऐकत उभा राहिला, आवाज येईनासा झाला तरी. मग आम्ही उतरायला लागलो. त्याच्या एका हातात पायताण, दुसऱ्यात फोन.

अर्ध्या वाटेत तो थांबला. "अण्णा, एक विचारू? सोमवारी मी येऊ का म्हणून तिला विचारलं तर चालंल का?"

पस्तीस वर्षांत सर्जेरावनं माझ्याकडं रबर मागितलं, ऑइलसील मागितली, चहा मागितला. परवानगी कुणाची कधी मागितली नव्हती. गॅरेज त्याचं, पोरगी त्याची. मी म्हणालो, "विचारून बघ."

त्यानं बोटानं एकेक अक्षर शोधत निरोप लिहिला आणि पाठवला. उत्तर येईना. तासभर आम्ही चाललो, दर वळणाला तो फोन बघायचा, मग डोंगराकडं, मग पुन्हा फोन. एसटीच्या थांब्यावर पोचलो, तिथल्या कठड्यावर बसलो, एसटी आली आणि आम्ही चढलो, तेव्हा त्याच्या हातातला फोन थरथरला.

त्यानं वाचलं. पुन्हा वाचलं. मग माझ्यापुढं धरला. लिहिलं होतं: 'रेडी झाली, दोघी बऱ्या आहेत. सोमवारी सात वाजता या. मी मागितल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही.'

"अण्णा," तो म्हणाला, "ह्ये 'हो' म्हणायचं का 'न्हाई'?"

"हो हाय," मी म्हणालो.

त्यानं फोन खिशात ठेवला, आणि गगनबावडा सुटेपर्यंत दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवून अगदी स्वस्थ बसायचा प्रयत्न करत राहिला.